श्कोत्स्यानच्या गुहा, स्लोव्हेनिया: खाली उतरा, पण वरची वाट चालल्याशिवाय परतू नका

साताऱ्यात मी सत्तावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. लेक संशोधनासाठी इटलीतल्या त्रिएस्तेला असते. गेल्या ऑक्टोबरात तिच्याकडे होते तेव्हा श्कोत्स्यानला दोनदा गेले. पहिल्यांदा एका टूर कंपनीच्या बसने. गुहा पाहून झाल्या की लगेच बसमध्ये. "वरच्या वाटेने थोडं फिरून येऊ का?" विचारलं, तर बसबरोबरचा माणूस म्हणाला, "वर काय, नुसती झुडपं आहेत." मला ते फार लागलं. ती झुडपं बघायलाच तर मी आले होते. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी आपल्या आपण गेलो, दिवाचा स्टेशनवर उतरून तीनेक किलोमीटर चालत.

गुहांबद्दल थोडक्यात सांगते. १९८६पासून जागतिक वारसा. रेका नदी इथे जमिनीत शिरते आणि तीसहून अधिक किलोमीटर पलीकडे, इटलीत समुद्राजवळ पुन्हा वर येते. आतल्या पुलावरून ती सुमारे ४५ मीटर खाली घोंघावताना ऐकली आणि अंगावर काटा आला. पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करा. आत १२ अंश, स्वेटर हवाच. फोटोला बंदी आहे आणि ते बरंच आहे. बाहेर पडताना 'वेलिका दोलिना' या खचलेल्या खोल खड्ड्यात येतो. थंड हवा तळाशी साचते, म्हणून आल्प्समधलं प्रिम्युला हे फुलझाड आणि उबदार प्रदेशातलं हंसराज नेचं इथे एकाच खड्ड्यात वाढतात, असं उद्यानाच्या गाईडने सांगितलं. आपल्याकडच्या विहिरींच्या ओल्या दगडांत दिसतो त्याच हंसराजाच्या कुळातलं! किती वेळ मी तिथेच उभी होते.

पण माझे पाच तारे वरच्या वाटेला. खड्ड्यांच्या कडेकडेने जाणारी दोनेक किलोमीटरची शैक्षणिक पायवाट आहे. चुनखडीचा पांढरा, भेगाळलेला कातळ. पाऊस पडला की पाणी थेट खाली. माती मिळते ती फक्त भेगांत आणि खड्ड्यांच्या तळाशी. एका भेगेशी मी वाकले. तांबूस माती जेमतेम दोन बोटं, वर शेवाळ, आणि त्यातून करंगळीएवढं 'रुय'चं (इंग्रजीत स्मोकबुश, एक झुडूप) रोप, पानं लालभडक झालेली. शेजारच्या भेगेत ॲशच्या झाडाचं पोर. कुणी लावलेलं नाही.

हाच 'क्रास', ज्याच्या नावावरून जगभरच्या अशा भूमीला कार्स्ट म्हणतात. शतकानुशतकं लाकूडतोड आणि शेळ्यामेंढ्यांची चराई झाली, एकोणिसाव्या शतकात इथे बोडका दगड उरला होता. १८४२ची झाडांची लागवड फसली. १८५९मध्ये त्रिएस्तेजवळ बासोविझ्झाला काळा पाइन तगला, मग तोच सगळीकडे लावला. त्याच्या सावलीत आणि चराई ओसरल्यावर मोकळ्या कुरणांत ओक, ॲश, हॉर्नबीम आपोआप शिरले. २०२२च्या जुलैत वणव्यात सुमारे ३,५०० हेक्टर रान जळालं. त्या भागातून, कोस्तान्येवित्सा गावाकडून, आम्ही गाडीने गेलो. पाइन काळेठिक्कर, आणि त्यांच्या बुंध्यांशी रुय-ॲशच्या जुन्या मुळांतून फुटलेले हिरवे धुमारे. गाडी थांबवायला लावली मी.

वर्गात मी शिकवायचे की मातीत बियांची पेढी असते, तिच्यातून रान परत येतं. कासच्या पातळ मातीतून दर पावसाळ्यात फुलं उठतात ती तशीच. पण झाडांचं तसं नसतं. ओकची बी वाळली की मरते, पाइनचीही मातीत फार टिकत नाही. लेकीच्या घरमालकीणबाईंना विचारून त्यांच्या परसातली ओंजळभर माती ट्रेमध्ये पसरली, रोज पाणी शिंपडलं. तीन आठवड्यांत अकरा रोपं उगवली. गवत आणि तण, झाड एकही नाही. झाडं येतात ती उरलेल्या बुंध्यांतून, कडेच्या रानातून, पाखरांच्या विष्ठेतून. म्हणून एखाद्या भेगेतलं जुनं खोड कुणी उपटू नये, एवढं मला त्या वाटेवर कळलं आणि वर्गात हे सांगायचं राहून गेलं याची रुखरुख लागली.

वाटेला तिकीट नाही. बूट घट्ट हवेत, दगड धारदार आहेत. गुहेची फेरी सकाळची घ्या आणि दुपार वर ठेवा. ऑक्टोबरात रुय लाल असतो. संरक्षित जागा आहे, माती किंवा पान सोबत आणू नका, मीही आणलं नाही.