मलावी सिक्लिडची पिल्लं घ्यायची असतील तर इथूनच घ्या

मलावी सिक्लिड म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले मासे; पीकॉक, अहली, यलो लॅब, सौलोसी, केन्यी हे त्यांचेच प्रकार. दुकानात शिरल्यावर आधी तुमचा मूड जाईल हे आत्ताच सांगून ठेवतो. पीकॉकच्या टँकमध्ये सगळी करडी पिल्लं, अहलीच्या टँकमध्ये सगळी चंदेरी-राखाडी, फक्त यलो लॅब आणि सौलोसी तेवढे पिवळेधमक. बरेच जण "रंगीत काही नाही का" विचारून दारातनंच परत जातात. पण मलावीच्या पिल्लांचं प्रामाणिक दुकान असंच दिसतं, आणि माझे ५ स्टार त्यासाठीच आहेत.

कारण पीकॉक काय आणि अहली काय, यांची पिल्लं लहानपणी मळकटच असतात. नराला रंग धरायला साधारण अडीच-तीन इंच व्हावं लागतं आणि मादी तर जन्मभर करडीच राहते. मग कुठे यांची दीड इंचाची अख्खी टँक निळीशार दिसली तर समजायचं की काहीतरी गडबड आहे, बहुतेक वेळा हार्मोन दिलेलं असतं. ते बंद झालं की रंग उतरतो, माद्यासुद्धा नरासारख्या रंगलेल्या असतात त्यामुळे काय घेतलं तेच कळत नाही, आणि पुढे ब्रीडिंगची बोंब होऊ शकते ती वेगळीच. माझ्या मावसभावाने दुसऱ्या एका चकाचक दुकानातून असेच निळे अहली घेतले होते, काही महिन्यांत निम्मे राखाडी झाले, आणि विचारायला गेला तर "तुमचं पाणी खराब असेल" हे उत्तर. पोरगं दर आठवड्याला पाणी बदलणारं, त्याला किती वाईट वाटलं असेल.

इथले दादा काय करतात, पिल्लांच्या टँकला लागूनच आई-बापाची टँक ठेवतात. म्हणजे तुम्ही आज जे घेताय ते मोठं झाल्यावर काय होणार ते तिथेच दिसतं. मी सौलोसी घ्यायला गेलो होतो. याची सगळी पिल्लं पिवळी-केशरी, माद्या तशाच राहतात, आणि नर मोठा होता होता निळा होतो, अंगावर काळे उभे पट्टे येतात. हे वाचलेलं होतं, पण दादांनी वाढत्या पिल्लांच्या टँकसमोर स्टूल दिलं आणि म्हणाले, "बसा, घाई करू नका, तो कोपऱ्यातल्या दगडापाशी आहे ना त्याच्याकडे बघत राहा." बघितलं तर बाकीच्यांसारखाच पिवळा, पण तोंडाजवळ धुरकट झाक आलेली, पाठीचा पंख कडेला काळा पडत चाललेला, आणि कोणीही दगडाजवळ आलं की आडवा होऊन अंग थरथरवायचा आणि मग हाकलायचा. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाचा जरा मोठा मासा तिकडे आला, त्याचे पट्टे चांगले उठलेले होते, तर आपल्या या पठ्ठ्याची धुरकट झाक बघता बघता फिकी पडली, पंख मिटले आणि तो गपगुमान माद्यांच्या घोळक्यात जाऊन बसला! डोळ्यांदेखत. दादांचं म्हणणं असं की खालच्या नंबरचा नर मुद्दाम मादीसारखा दिसत राहतो म्हणजे मार बसत नाही, आणि वरचा नर काढला की हाच निळा होईल. घरी माझ्या टँकमध्ये अगदी तसंच झालं, मोठा नर मित्राला दिल्यावर दुसरा रंगला.

म्हणूनच ते सौलोसी दोन-चार सुटे देतच नाहीत, १० ते १२ पिल्लांचा ग्रुप घ्या म्हणतात, मोठे झाल्यावर जास्तीचे नर परत आणून द्या, एक नर आणि पाच-सहा माद्या ठेवा. आधी वाटतं माल खपवतायत, पण ग्रुपमध्ये मार वाटला जातो हे खरंच आहे, तीन मासे ठेवले तर एकाचा जीव जातो. आणि परत दिलेले नर ते खरंच घेतात, बदल्यात फूड देतात.

केन्यी मागितला तर उलटी गोष्ट, पिल्लं सुंदर निळी, काळपट पट्ट्यांची, माद्या निळ्याच राहतात आणि नर पिवळा होतो. मधल्या काळात तो हिरवट-चिखलट दिसतो तेव्हा लोक घाबरून औषधं टाकतात, टाकू नका. दादांनी मला केन्यी दिला नाही, ३ फुटाच्या टँकमध्ये तो बाकीच्यांना जगू देणार नाही म्हणाले. गिऱ्हाईक समोर पैसे घेऊन उभं असताना नाही म्हणणारा दुकानदार मला तरी दुसरा माहीत नाही.

आता जाळीने पकडून पिशवीत टाकल्यावर मासा एकदम फिका पडतो किंवा पट्टे गडद होतात, तर फसवलं असं समजू नका. त्वचेतल्या पेशींमधला काळा रंग पसरतो नाहीतर गोळा होतो, ते मिनिटांचं काम आहे, घरी लाईट बंद ठेवून सोडा, येतो परत. वयात येताना बदलतो तो रंग वेगळा, तिथे पेशीच कमी-जास्त होतात त्यामुळे आठवडे-महिने लागतात. आणि कलर वाढवणाऱ्या फूडच्या मागे लागून निळा रंग येत नाही, निळा हा पेशींमधल्या बारीक स्फटिकांवरून उजेड परतल्यामुळे दिसतो, खाण्याचा फरक पडला तर पिवळ्या-केशरीला पडतो. दादा सौलोसीला स्पिरुलिनाचे (एक प्रकारचं शेवाळ) साधे पेलेट देतात, कारण सौलोसी, केन्यी हे तळ्यात दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, मांसाहारी फूड जास्त झालं की पोट फुगून मरू शकतात.

पाण्याचं पण नीट सांगतात. आपल्याकडचं धरणाचं पाणी सॉफ्ट म्हणजे कमी क्षारांचं, यांना पीएच ७.८ ते ८.६ लागतो, म्हणून फिल्टरमध्ये कोरल चिप्सची पिशवी टाकायला लावतात आणि टँक सायकल झाली नसेल, म्हणजे घाण पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये अजून तयार झाले नसतील, तर मासे देत नाहीत. अजून एक, प्रत्येक जात वेगळी ठेवतात, क्रॉस होऊ देत नाहीत. सौलोसी मलावी तळ्यात फक्त ताईवान रीफच्या भागात सापडतो आणि पकडून पकडून आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिधोक्यात गेलाय, त्यामुळे शुद्ध लाईन सांभाळणाऱ्या माणसाचं महत्त्व मला फार वाटतं. तोंडात पिल्लं धरलेली मादी असेल तर बघायला मिळते, जवळजवळ ३ आठवडे काही न खाता धरून ठेवते, शेवटी शेवटी जबडा जरा उघडला की आत बारीक बारीक डोळे दिसतात. माझी मुलगी तिथून हलायला तयार नव्हती.

कमी काय आहे तर जागा, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागतं. भाव कुर्ला मार्केटपेक्षा जास्त आहे. फूड आणि फिल्टरची व्हरायटी नाही. कुरियर करत नाहीत, स्वतः जावं लागतं, दुपारी बंद असतं. ऑराटस ही मलावीचीच दुसरी जात ठेवत नाहीत, त्याची ऑर्डरपण घेत नाहीत, वाद घालू नका. रविवारी गर्दीत दादांना बोलायला वेळ नसतो, त्यामुळे मधल्या वारी संध्याकाळी जा, आधी फोन करून कुठली पिल्लं तयार आहेत विचारा आणि लांबून येत असाल तर थर्माकोलचा बॉक्स घरूनच घेऊन जा, त्यांच्याकडचे संपलेले असतात.