जुनी मारुती जिप्सी (फोर व्हील ड्राइव्ह जीप) घेऊन एक पावसाळा काढला, त्याचा अनुभव

महिंद्राची थार का नाही घेतली हे सगळ्यांनी विचारून झालंय म्हणून आधी तेच सांगतो. बजेट हे कारण आहेच, पण खरं कारण वजन. थार दीड टनाच्या पुढे जाते, जिप्सी हजार किलोच्या आतबाहेर. लोणावळ्याहून राजमाचीला जाताना उधेवाडीच्या वाटेवर पावसाळ्यात जो राडा होतो ना, तिथे जड गाडी बसते आणि हलकी गाडी वरवरून निघून जाते. इंजिन 1.3 लिटरचं, 80 हॉर्सपॉवर, ऐकायला काहीच नाही, पण लो गिअर (फोर व्हीलचा हळू, जास्त ताकदीचा गिअर) टाकून पहिल्या गिअरवर सोडली की ही बाई शांतपणे चढत राहते, अ‍ॅक्सिलरेटर तुडवायची गरजच पडत नाही.

आता घेताना काय बघायचं. जिप्सी 1985 ला आली तेव्हा 970 सीसी होती, 1996 ला 1.3 ची 'किंग' मॉडेल आली, आणि 2000 च्या सुमारास एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनवाली). घ्यायची तर एमपीएफआयच घ्या, कार्बोरेटरवाली स्वस्त मिळते पण ट्यूनिंग जमणारे मिस्त्री आता कमी राहिलेत. 2019 ला गाडी बंद झाली तेव्हापासून चांगल्या गाड्यांचे भाव उलटे वाढलेत, त्यामुळे स्वस्तात चकाचक गाडी दिसली की आधी खाली वाका. मी तर म्हणतो इंजिन शेवटी बघा. इंजिन उघडून करता येतं, पार्ट मिळतात, गल्लीतला मिस्त्रीसुद्धा करतो. चेसिस सडलेली असेल तर मात्र विषय संपला. छोटी हातोडी घेऊन जायची आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे टोकाच्या कड्या, जिथे बसतात तिथे आणि क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या दांड्यांवर) ठोकत जायचं, टण्ण वाजलं पाहिजे, भद्द आवाज आला किंवा ताज्या काळ्या रंगाचा जाड थर दिसला की नमस्कार करून निघायचं. मॅट उचलून फ्लोअर बघा. गाडी किनाऱ्याजवळ वाढलेली असेल तर दुप्पट बघा, खारी हवा पत्रा सोडत नाही.

कागदपत्रांचं पण सांगतो कारण लोक इथे अडकतात. दिल्लीत 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली म्हणून तिकडच्या बऱ्याच गाड्या एनओसी (आरटीओचा ना हरकत दाखला) घेऊन इकडे येतात, गाडी छान असते पण इकडे नंबर घ्यायचा, टॅक्स भरायचा, हे किमतीत धरूनच बोला. लिलावात सुटलेली मिलिटरीची असेल तर इंजिन नंबर, चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. 15 वर्षं झाली की दर 5 वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, 2022 ला त्याची फी 600 वरून 5,000 झाली होती, आणि 2025 ला 20 वर्षांवरच्या गाड्यांना आणखी वाढली, वर पर्यावरण कर वेगळा.

माझ्या गाडीत घेतल्यावर निघालेली कामं म्हणजे किंगपिन बेअरिंग (पुढची चाकं ज्यावर वळतात ते; साठच्या स्पीडपुढे खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग थाडथाड हलायचं), सगळे बुश, क्लच प्लेट, ट्रान्सफर केसचं (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटून देणाऱ्या डब्याचं) ऑइल सील. गाडीच्या वयाला हे धरूनच चालायचं. गाडीच्या किमतीच्या पाव हिस्सा बाजूला ठेवा, लागतोच.

चालवायला मजा आहे पण आरामाचं नाव काढू नका. चारही बाजूला पाटे, पॉवर स्टिअरिंग नाही, एअरबॅग नाही, मागच्या सीट समोरासमोर. आई एकदा ताम्हिणीपर्यंत मागे बसून आली, आता म्हणते तू हो पुढे, मी एसटीने येते. एक्स्प्रेसवेवर मी नेतच नाही, जुन्या हायवेने सत्तरने जातो. अ‍ॅव्हरेज रस्त्यावर दहाच्या आसपास, ट्रेलवर विचारू नका, आणि टाकी 40 लिटरचीच, म्हणून आत शिरायच्या आधी फुल करायची.

नवीन घेणाऱ्यांना एक गोष्ट, कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून फिरू नका. पुढचा मागचा अ‍ॅक्सल एकाच स्पीडने फिरतो, वळणावर त्याला सुटायला जागा नसते, मग टायर घासतात आणि ताण ट्रान्सफर केसवर जातो. माती लागली की लावा, डांबर लागलं की काढा. चिखलात टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली की अर्धं काम होतं, हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवतो. आणि एकटं जाऊ नका, दुसरी गाडी आणि ओढून काढायला चांगला पट्टा हवाच, लो गिअर असून पण फसायचं तेव्हा फसतेच.

पुढचा खर्च टायरचा. मित्र म्हणतात रुंद टाक, भारी दिसेल, पण बॉडीच्या बाहेर आलेले टायर आरटीओच्या फिटनेस तपासणीला अडवतात आणि हलक्या गाडीला अरुंद टायरच चिखलात खाली जाऊन पकड घेतो असा माझा तरी अनुभव आहे. कंपनीच्या मापाचे मड टायर शोधतोय, पावसाआधी मिळाले तर बरं.