कंपनीची टेनिस लीग बाहेरच्यांना चालवायला दिली, अनुभव कसा होता (पुणे, बाणेर-बालेवाडी)

पाचपैकी साडेतीन स्टार. कोर्ट आणि तिथल्या माणसांना पूर्ण पाच, लीगच्या आखणीला दोन, म्हणून मधला आकडा. जागेचं नाव टाकत नाहीये, कारण या पट्ट्यात आता बरेच जण कंपन्यांना असं पॅकेज विकतात आणि ऐकायला सगळी पॅकेजेस सारखीच, दोन कोर्ट, बॉल, एक कोऑर्डिनेटर, टीशर्ट, शेवटी ट्रॉफी आणि फोटो. तुम्ही कुठेही गेलात तरी पुढचं सगळं तुम्हाला लागू पडणारच.

आमचं ऑफिस हिंजवडीला, स्पोर्ट्स कमिटीचं काम माझ्याकडे. क्रिकेट आणि बॅडमिंटनला आपोआप गर्दी होते, टेनिसला कोण येणार असं सगळे म्हणत होते, पण मेल टाकला आणि तीस नावं आली! पुण्यात टेनिसची आवड पहिल्यापासून आहे हो, डेक्कन जिमखाना 1906 चा, शिवाय बालेवाडीला 2018 पासून एटीपी (पुरुषांची व्यावसायिक टेनिस) स्पर्धा यायला लागली (चेन्नईहून इकडे आली होती, शेवटची जानेवारी 2023 ला झाली) तेव्हा ऑफिस सुटल्यावर थेट स्टँडमध्ये जाऊन बसणारे आमच्याकडे बरेच होते. 2022 ला रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथनने तिथे डबल्स जिंकलं ते समोर बसून पाहिलेली मंडळी आहेत ही. त्यातले काही चाळिशीपुढचे, शाळेत असताना खेळलेले आणि मग वीस वर्षं रॅकेट माळ्यावर. बोपण्णा 43 व्या वर्षी डबल्समध्ये जगात एक नंबर झाला तेव्हापासून त्यांना कोणी वयाचं बोललेलं चालत नाही.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. दोन्ही कोर्ट हार्ड, रंग नवा, कुठे भेग नाही, पाणी साचत नाही. बेसलाइनच्या (कोर्टच्या शेवटच्या रेघेच्या) मागे मोकळी जागा भरपूर, हे नुसतं डोळ्यांनी बघून समाधान मानू नका, टेप घेऊन जा. क्लबच्या खेळासाठी बेसलाइनमागे निदान 5.48 मीटर आणि बाजूला 3.05 मीटर सोडावेत असं आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशन सांगतं. सोसायट्यांच्या आणि गच्चीवरच्या कोर्टांत नेमकी हीच जागा खाल्लेली असते, लॉब (डोक्यावरून उंच मारलेला बॉल) घ्यायला मागे पळालं की माणूस जाळीवर आदळतो. इथे तो प्रश्नच नाही. फ्लडलाइटही असे लावलेत की सर्व्हिससाठी बॉल वर टाकला की डोळ्यात लाइट येत नाही, ज्यांनी भलत्या ठिकाणी रात्री सर्व्हिस केलीय त्यांना याची किंमत कळेल.

आणि तिथले कोर्ट सांभाळणारे काका. मॅच सुरू व्हायच्या आधी ते येणार, एक रॅकेट नेटच्या मधोमध उभी धरणार, तिच्या डोक्यावर दुसऱ्या रॅकेटचं तोंड आडवं ठेवणार आणि पट्टा ओढून नेट तेवढ्यावर आणणार. मधोमध 91.4 सेंटीमीटर पाहिजे, दोन रॅकेटचं माप जवळपास तेवढंच भरतं. मी त्यांना म्हटलं काका, आम्ही काय स्पर्धेचे खेळाडू नाही, चार बोटं इकडेतिकडे चालतंय की. तर म्हणाले, "मॅडम, नेट ढिलं असलं की शिकणाऱ्याला वाटतं आपला शॉट सुधारला, मग दुसरीकडे गेला की सगळं नेटमध्ये." या माणसासाठी मी अजून एक स्टार दिला असता.

आता आखणी. पहिल्या मीटिंगला कोऑर्डिनेटरने नॉकआउटचा ड्रॉ पुढे केला. दोन वीकेंडमध्ये संपतं, फायनलला डायरेक्टर येतात, फोटो छान येतात, एचआरला हे फार आवडतं. पण हिशोब करून बघा, 32 जणांचा नॉकआउट म्हणजे एकूण 31 मॅचेस, पहिल्या राउंडनंतर 16 जण घरी, आणि घरी जाणारे कोण तर जे नवीन आहेत, ज्यांच्यासाठी कंपनीने खर्च केलाय तेच. एक मॅच 6-0, 6-0 हरून टीशर्ट घेऊन निघून गेलेला माणूस पुढच्या वर्षी नाव देत नाही. नॉकआउट ही स्पर्धा झाली, लीग नाही, आणि ऑफिसच्या माणसांना लीगच पाहिजे असते कारण त्यांना आठवड्यातून एकदा लॅपटॉप बंद करून खेळायचं निमित्त हवं असतं.

आम्ही बॉक्स लीगच करायची म्हणून अडून बसलो. साधारण सारख्या ताकदीच्या पाच-पाच जणांचे सहा बॉक्स, बॉक्समध्ये प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, म्हणजे प्रत्येकाला चार मॅचेस नक्की, एका बॉक्सच्या दहा, सगळ्या मिळून साठ. एक मॅच एक तास धरला तर साठ तास, सहा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला दहा, दोन कोर्टांवर पाच-पाच तास. एवढं गणित कागदावर मांडून दिल्यावर त्यांना पटलं, पण ते आम्ही मांडून द्यावं लागलं याचंच वाईट वाटतं, पॅकेज 'लीग मॅनेजमेंट' म्हणून विकता ना मग. राउंड संपला की प्रत्येक बॉक्समधले वरचे दोघं वरच्या बॉक्समध्ये, खालचे दोघं खालच्या. जिंकलं तर 3 पॉइंट, हरलं तरी खेळल्याबद्दल 1, मॅच झालीच नाही तर दोघांना शून्य. तो हरलेल्याचा एक पॉइंट फार कामाचा आहे, त्याच्यामुळे लोक मॅच टाळत नाहीत, उलट राउंड संपत आला की ग्रुपवर स्वतः मागे लागतात की अरे आपली राहिलीय, गुरुवारी जमतंय का.

तासात मॅच संपवायची तर स्कोरिंगही बदलावं लागतं. आम्ही शॉर्ट सेट ठेवले, चार गेम्सला सेट, ड्यूसला (40-40 झालं की) अ‍ॅडव्हांटेज नाही, एकच पॉइंट आणि रिसीव्हरने (सर्व्हिस घेणाऱ्याने) डावी की उजवी बाजू ते निवडायचं, एक-एक सेट झाला तर तिसऱ्याच्या जागी दहा पॉइंटचा टायब्रेक, दोनच्या फरकाने. मिक्स्ड डबल्सला त्या एका पॉइंटला बाजू निवडता येत नाही, पुरुष सर्व्ह करत असेल तर पुरुषानेच रिसीव्ह करायचं आणि बाई करत असेल तर बाईने, हा नियम कोऑर्डिनेटरला माहीत नव्हता आणि त्यावरून एका सेमीफायनलला खेळ थांबला. पैसे घेऊन लीग चालवणाऱ्याला नियम माहीत पाहिजेत, यात मी कमीजास्त करणार नाही.

अंपायर पॅकेजमध्ये 'उपलब्ध' लिहिलेले असतात, प्रत्यक्षात फक्त फायनलला. बाकी मॅचेस आपल्या आपणच खेळायच्या, त्यात वाईट काही नाही, जगभर क्लबात असंच चालतं, फक्त नियम आधी सगळ्यांना वाचून दाखवा. आपल्या बाजूचा कॉल आपण द्यायचा, लाइनला जरा जरी लागला तरी बॉल आत, आणि शंका असेल तर पॉइंट समोरच्याचा. सर्व्ह करणाऱ्याने दर पॉइंटआधी स्कोर मोठ्याने बोलायचा. ही शेवटची सवय लागली ना की अर्धी भांडणं आपोआप मिटतात, आमच्याकडे टेस्टिंग आणि डेव्हलपमेंटवाले समोरासमोर असायचे म्हणून सांगतेय.

लेव्हल कशी ठरवायची हा सगळ्यात अवघड भाग, आणि इथे त्यांच्या कोचने मनापासून काम केलं. फॉर्मवर 'बिगिनर, इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स्ड' विचारलं की निम्म्याहून जास्त लोक इंटरमीडिएट लिहितात. अमेरिकेत 1.0 ते 7.0 अशी रेटिंगची पट्टी आहे, यूटीआर नावाचं दुसरं रेटिंग 16.5 पर्यंत जातं, पण कधी मॅचच न खेळलेल्याला त्या आकड्यांचं काय. कोचने एका शनिवारी सगळ्यांना बोलावलं, प्रत्येकाबरोबर दहा मिनिटं मारलं आणि तीनच गोष्टी लिहिल्या: रॅली किती शॉटची होते, दुसरी सर्व्हिस आत पडते का, बॅकहँडला बॉल आला की माणूस काय करतो. त्यावरून लावलेले बॉक्स शेवटपर्यंत बरोबर निघाले. सगळ्यात खालच्या बॉक्सला त्याने ग्रीन बॉल दिले, हे नेहमीच्या पिवळ्या बॉलपेक्षा साधारण 25 टक्के हळू असतात, लहान मुलांना शिकवायला वापरतात. आधी लोक जरा नाराज झाले, लहान मुलांचे बॉल काय म्हणून, पण पहिल्याच मॅचला दहा-दहा शॉटच्या रॅली झाल्यावर कुणी तक्रार केली नाही. पिवळ्या बॉलवर त्याच लोकांची मॅच म्हणजे सर्व्हिस, फॉल्ट, बॉल उचलून आणा, एवढंच झालं असतं.

पिवळ्या बॉलवरून मात्र माझं भांडण झालं. पॅकेजमध्ये 'चांगल्या प्रतीचे बॉल' लिहिलं होतं आणि सुरुवातीचे दोन आठवडे अकॅडमीच्या मुलांनी वापरून टाकलेले बॉल आले. डबा उघडला की आतला दाब हळूहळू जातोच, वरचं लोकरी फेल्ट झिजतं ते वेगळं. नियमानुसार 254 सेंटीमीटरवरून सोडलेला बॉल 135 ते 147 सेंटीमीटर उसळला पाहिजे, म्हणजे निम्म्याच्या थोडा वर. मी नवा डबा घेऊन गेले, कोऑर्डिनेटरसमोर एका हातात नवा आणि एका हातात त्यांचा धरून दोन्ही एकदम सोडले, नवा कमरेच्या वर आला, त्यांचा गुडघ्याशी थांबला. दुसऱ्या दिवसापासून बॉल बदलले, वाद न घालता बदलले हे त्यांच्या बाजूने लिहायला पाहिजे. तुम्ही करारातच लिहून घ्या, दर दोन मॅचेसमागे एक सीलबंद डबा, साठ मॅचेसला तीस डबे, आणि ब्रँडचं नावसुद्धा. हा खर्च वाचवायचा नाही, टीशर्टचा वाचवा.

वेळेबद्दल. आमच्याकडे मंगळवार ते गुरुवार सगळे ऑफिसला, त्यामुळे संध्याकाळी साडेसातचे स्लॉट मागितले, आणि त्या वेळी हिंजवडीतून बाहेर पडणं काय असतं ते तिथे काम करणाऱ्याला सांगायला नको. सहा वाजता निघालेला माणूसही पावणेआठला पोचतो. पहिले दोन आठवडे त्यांनी 'दहा मिनिटं उशीर, वॉकओव्हर' हा नियम लावला, मॅचेस न खेळताच निकाल लागायला लागले. मग ठरलं की लोकांनी आपसात ठरवून राउंड संपेपर्यंत कधीही खेळा, सकाळी सातलाही चालेल, स्लॉट शीटवर टाका. साधी गूगल शीट आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पोल, बास, त्यांचं ॲप उघडायचीही गरज पडली नाही. ॲपमध्ये नुसता ड्रॉ दिसायचा, मॅच पुढे ढकलायची सोयच नाही, आणि ऑफिसच्या लीगमध्ये सगळ्यात जास्त वेळा करावी लागणारी गोष्ट तीच आहे. रिलीज असतो, क्वार्टर एंड असतो, कुणाच्या पोराला ताप असतो.

आमच्या सात मुली खेळत होत्या आणि त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधीच बघून ठेवा. चेंजिंग रूमला आतून कडी आहे का, आणि रात्रीच्या मॅचनंतर कंपनीची कॅब कोर्टवरून ड्रॉप देते का. पहिली इथे उत्तम होती. दुसरी आमच्या ट्रान्सपोर्ट डेस्ककडून मिळवायला मला तीन मेल आणि एक फोन लागला, पण मिळाल्यावर मुलींच्या मॅचेस एकदम वाढल्या. नुसतं 'महिलांना प्रोत्साहन' असं पोस्टरवर लिहून काही होत नाही, परतीची गाडी पाहिजे.

शूजचा नियम तिथे कडक आहे आणि तो बरोबर आहे, रनिंग शूज घालून कोर्टवर सोडत नाहीत. रनिंग शूज सरळ पळण्यासाठी असतात, टेनिसमध्ये बाजूला झेपावताना पाय मुरगळतो. आमच्या एकाने गेटवर हुज्जत घातली, काकांनी सोडलं नाही ते नाहीच. बर्फ आणि फर्स्ट एड बॉक्स कोर्टच्या बाजूलाच, ऑफिसात मागून आणावा लागत नाही.

शेवटचं पावसाचं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सुरू केलं आणि परतीच्या पावसाने चार संध्याकाळ गेल्या. त्या तासांचे पैसे परत मिळाले नाहीत, बदली तास मिळाले पण दुपारी दोनचे, जे कुणालाच जमणारे नव्हते. आता पुढच्या सीझनसाठी त्यांच्याकडेच जातोय, काका आणि कोचसाठी, पण मेलवर तीन गोष्टी कबूल करून घेतल्यात: सुरुवात नोव्हेंबरच्या मध्यावर, पावसाने गेलेला तास संध्याकाळच्याच वेळेत भरून द्यायचा, आणि बॉलचे डबे आमच्यासमोर उघडायचे. तुम्हीही नोव्हेंबरचा विचार करत असाल तर ऑगस्टमध्येच स्लॉट धरा, दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांच्या कोचिंगच्या बॅचेस सुरू झाल्या की संध्याकाळचं एकही कोर्ट रिकामं मिळत नाही.