डिस्क गोल्फचा स्टार्टर सेट : उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

डिस्क गोल्फ म्हणजे प्लास्टिकची चकती कमीत कमी फेकींत खांबावरच्या साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. त्यासाठी जवळच्या फेकीला पटर, मधल्या अंतराला मिडरेंज, लांब पल्ल्याला ड्रायव्हर असा तीन डिस्कचा सेट. वजन, स्पीड-ग्लाइडचे म्हणजे वेगाचे आणि हवेत तरंगण्याचे आकडे सगळं पाकिटावर छापलेलं असतं, ते परत लिहीत नाही. मला बोलायचंय रंगाबद्दल. मिडरेंज परवा गवतात हरवली, म्हणून लिहायला बसलो.

मी केशरी रंग निवडून ऑर्डर दिली होती. आला हिरवा, तोही तिन्हीचा. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर, 'रंग उपलब्धतेनुसार.' अरे, उपलब्ध नव्हता तर निवडायला ठेवला कशाला? त्यावर, 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.' परत पाठवायचं तर कुरिअर माझ्या खिशातून. त्या पैशात इथे दोघांचं भरीत-भाकरीचं जेवण होतं. ठेवून घेतला.

आम्ही खेळतो ते जळगावात, कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये. कडुनिंब, करंज, दोन-तीन गुलमोहर, कुंपणाला बोरी-बाभळी. सहा बास्केट, सगळ्यात लांबची जेमतेम साठ मीटरवर. साखळ्यांची बास्केट ही अमेरिकेतल्या एड हेड्रिकची कल्पना. 1975 साली कॅलिफोर्नियात त्याने पहिला कायमचा कोर्स मांडला, तेव्हा नुसते खांबच होते, साखळ्या नंतर आल्या. आमच्या साखळ्या फॅब्रिकेशनवाल्याने सायकलच्या रिमला टांगून दिल्यात, तेही विरळ. चांगली फेक आरपार जाते आणि तो म्हणतो, 'फोटोत अशीच होती.' असो.

तर रंग. एप्रिल-मेमध्ये हिरव्याला तोड नव्हती. आपल्याकडे तेव्हा गवत नावाला उरत नाही, जमीन पार पिवळट. हिरवी डिस्क फाटकातून दिसायची. शेजारच्या नानांची केशरी डिस्क मात्र गुलमोहराखाली पडली की संपलं, सगळा सडा त्याच रंगाचा. नाना वाकून वाकून शोधायचे. त्या दिवसांत विक्रेत्याला दिलेला एक तारा वाढवून चार करणार होतो. आळस केला ते बरं झालं.

जुलै लागला आणि तरोटा गुडघ्याला आला, त्यात गाजरगवत. पटर माझ्या डोळ्यांसमोर दहा पावलांवर पडतो आणि नाहीसा होतो. नियमाने शोधायला तीन मिनिटं मिळतात, मग डिस्क हरवली असं धरून एक फेक दंड. तीन मिनिटांत आम्ही जेमतेम काठीने गवत झोडून साप नाही एवढी खात्री करतो. झाडांना पाणी घालणारे आबा रोज विचारतात, "इतली मोठी थाळी, तुले दिसस नही का भो?" नाही दिसत, आबा. हिरवी आहे.

उपाय केले. रेडियमची पट्टी चिकटवली. स्पर्धेत डिस्कवर जाडी वाढेल असं काही चिकटवलेलं चालत नाही, पण ओपन स्पेसमध्ये कोण मोजतंय. दोन पावसांत पट्टी सुटली आणि डिस्कवर चिकट डाग तेवढा राहिला. त्याला आता माती बसते, म्हणजे ती आणखी दिसत नाही.

प्लास्टिकबद्दल मात्र माझं मत फिरलं. सेट साध्या प्लास्टिकचा आहे. पहिल्याच आठवड्यात निंबाच्या खोडाला आपटून कडेवर खरचटे पडले, तेव्हा मी चिडून 'टाकाऊ माल' असं लिहून ठेवलं होतं. मेच्या दुपारी स्कूटीच्या डिकीत राहिला तर पटर पापडासारखा वाकडा झाला. गरम पाण्यात बुडवून फरशीवर सपाट ठेवला, सरळ झाला. पण खरी गंमत पुढे. नवा असताना तो शेवटी डावीकडे वळायचा. उजव्या हाताने बॅकहँड फेकलं की वळतोच. झाडांचा मार खाऊन खाऊन आधी सरळ जायला लागला, आता जोर लावला की हळूच उजवीकडे सरकतो. आमची चौथी बास्केट उजव्या बाजूला करंजामागे आहे. नव्या पटरने मी तिथे कधी पोचलो नव्हतो, आता मनगट न वाकवता पोचतो. महागाचं प्लास्टिक घेतलं असतं तर त्याचं वळण एवढ्यात बदललं नसतं, आणि जादा पैसे गेले असते ते वेगळेच. झाडांत खेळणाऱ्याने स्वस्तातलंच घ्यावं. प्लास्टिकला पाचपैकी साडेचार, रंगाला शून्य. हे दोन आकडे मिळवून सरासरी काढायला मी तयार नाही.

मिडरेंजच्या जागी सुटी डिस्क मागवली. यावेळी विक्रेता बदलला, आधी व्हिडिओ कॉलवर डिस्क हातात धरून दाखवायला लावली, मगच पैसे पाठवले. भडक गुलाबी आहे. पोरं हसतात, हसू देत. तरोट्यात दिसते, गुलमोहराखालीही दिसेल असं वाटतं.

राहिला ड्रायव्हर. दहा पावलांवर खोड असताना त्याला पळायला जागाच नाही, आणि त्याला लागतो तेवढा हाताचा वेगही माझ्याकडे नाही. तो जवळपास कोरा पडून आहे. मोकळं मैदान असलेल्या कुणी घेऊन जावा. निम्म्या किमतीत देईन, त्याखाली एक रुपया नाही. रंग हिरवा आहे, आधीच सांगितलंय.