बोटीचा विंडलास बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत खोलून घेतला, काम कसं झालं ते सांगतो

बेळगावात समुद्र नाही हे मला पण माहितीय, हसू नका. मेव्हण्याची गोव्यात एक जुनी शिडाची बोट आहे, पावसाळ्यात ती पाण्याबाहेर काढून ठेवतात आणि सगळी दुरुस्ती तेव्हाच होते. यंदा नांगराची साखळी ओढणारा विंडलास जाम झाला, बटण दाबलं की मोटर नुसती हुं हुं करायची आणि साखळीचं चाक जागचं हलायचं नाही. तिकडच्या एका रिपेअरवाल्यानं खोलून न बघताच नवीन घ्या म्हणून सांगितलं. किंमत ऐकून मेव्हणा म्हणाला, दाजी, तुमच्या उद्यमबागेत कोण करतंय काय बघा की. मग काय, पोत्यात गुंडाळला, डिकीत टाकला आणि चोर्ला घाटातून वर आणला.

वर्कशॉपचं नाव टाकत नाही कारण मालकांनीच, म्हणजे मामांनी, नको म्हटलंय, आहे तेच काम उरकंना म्हणे. एक लेथ, एक ड्रिल, एक हायड्रॉलिक प्रेस, दोन पोरं आणि मामा, एवढंच. पंप, गिअरबॉक्स असली कामं रोजची. विंडलास बघून पहिला प्रश्न, "बोरचं काय आणलास काय बा हे?" पण ड्रेनचा नट काढला आणि आतून तेल आलं ते कटिंग चहाच्या रंगाचं, तेव्हा लगेच म्हणाले सील गेलंय, पाणी शिरलंय. बरोबर होतं. आत वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि ब्राँझचं गिअर तेलात बुडून फिरतं, बाहेर येणाऱ्या शाफ्टवरचं ऑइल सील गेलं की खारं पाणी सरळ आत.

पण खरी डोकेदुखी गिअर नव्हतंच. बॉडी ॲल्युमिनियमची, शाफ्ट आणि स्क्रू स्टेनलेसचे, दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची पांढरी भुकटी होऊन आट्यांत अशी घट्ट बसते की स्क्रू हलायचं नाव घेत नाही. इथं मामांचा हात बघायला मिळाला. पोरगं मोठा पाना आणि पाइप घेऊन आलं होतं, त्याला मागं सरकवलं, "गडबड करू नकोस, तुटलं की माझ्याच डोक्याला ताप." सगळ्या स्क्रूंवर पेनिट्रेटिंग तेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी स्क्रूच्या भोवतीची बॉडी गॅसनं हळूहळू गरम केली, स्क्रूला आच लावली नाही, कारण ॲल्युमिनियम जास्त फुगतं आणि पकड सुटते. मग हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. बाकी सगळे निघाले, एक मुंडी तुटली, तो बरोबर मधोमध ड्रिल मारून काढला आणि टॅप फिरवून आटे साफ करून दिले. साखळीचं चाक पुलरनं ओढलं, त्याला हातोडी लावूच दिली नाही.

शाफ्टवर सीलचा ओठ घासून घासून खाच पडली होती, नखाला लागत होती. नवं सील त्याच जागी बसवलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात परत हेच. मामांनी लेथवर एक पातळ रिंग काढून सीलच्या मागं टाकली, त्यामुळं ओठ आता खाचेच्या बाजूला कोऱ्या जागेवर बसतो. कंपनीचा सर्व्हिस किट मागवावा लागला नाही, बेअरिंग निघालं ६२०४, म्हणजे २० बाय ४७ बाय १४, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, सील पण मापानं गावातच मिळालं.

आता तक्रारी. जोडताना पोरानं झिंक प्लेटिंगचे साधे बोल्ट काढले, आणि शाफ्टची चावी (चाक शाफ्टवर अडकवणारी पट्टी) खाल्ली होती तिथं साध्या लोखंडाची, एमएसची चावी. "चालतंय की!" अरे बाबा गिरणीत चालतंय, समुद्रात नाही चालत. ३१६ ग्रेडचं स्टेनलेसच पाहिजे म्हणून अडून बसलो तेव्हा ते आणलं. आट्यांना तांब्याची पेस्ट लावायला निघाले होते, ॲल्युमिनियमला तांबं म्हणजे स्टेनलेसपेक्षा वाईट, मेव्हण्यानं दिलेली दोन धातू एकमेकांपासून वेगळे ठेवणारी पिवळी ड्युरालॅकची पेस्ट होती ती पुढं केली. क्लचच्या कोनला (शंकूसारख्या भागाला) तर ग्रीस थापायलाच बसलं होतं पोरगं, तिथं नुसता पुसटसा हात पाहिजे. धातूच्या कामात मामांना तोड नाही पण बोटीचं सामान त्यांच्या रोजच्यातलं नाही, त्यामुळं काय लावायचं ते आपण सांगायचं आणि जोडणीच्या वेळी शेजारी उभं राहायचं. खोलताना फोटो पण आपणच काढा, तिथं सगळे पार्ट एकाच ट्रेमध्ये पडतात. "उद्या या" किती वेळा ऐकलं ते विचारू नका. पक्कं बिल पण नाही.

टेस्टिंग मात्र मस्त केलं. १२ व्होल्टची १००० वॅटची मोटर म्हणजे ८० च्या वर अँपिअर, गाडीच्या बारीक जंपर केबलवर ती रडतच फिरत होती, मामांनी वेल्डिंगची जाड केबल ट्रकच्या बॅटरीला लावली आणि लगेच सुरात आली.

साखळीच्या चाकाचे खाचे झिजलेत. गनमेटलमध्ये नवं ओतून देतो म्हणालेत, फाउंड्री ओळखीचीच आहे. पण तुम्ही असलं काही करणार असाल तर साखळीचा तुकडा बरोबर न्या, १० एमएमची साखळी २८ एमएमच्या पिचची (कडीच्या आतल्या लांबीची) पण येते आणि ३० च्या पण, चुकीच्या चाकावर ती उड्या मारते. आमचं ते पुढच्या वर्षी.

पाचपैकी चार स्टार, एक त्या झिंकच्या बोल्टांचा कापला. मजुरी नव्या विंडलासच्या किमतीपुढं काहीच नाही. बोट पाण्यात उतरल्यावर नांगराचा खरा ताण बसेल, तोवर मेव्हण्याला सांगून ठेवलंय, विंडलासच्या बाजूच्या काचेतून तेल बघत जा, परत चहा दिसला तर फोन कर.