वाकड्या टेबलावरचा फुटबॉल : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

टेबल टेनिसचं टेबल दोन्ही टोकांना खाली वाकवलं की टेकबॉलचं, म्हणजे टेबलावर खेळायच्या फुटबॉलचं, टेबल होतं. हंगेरीचे माजी फुटबॉलपटू गाबोर बोर्शान्यी आणि त्यांचे सहकारी विक्टर हुसार यांनी २०१२ साली हा आकार काढला. सपाट टेबलावर फुटबॉलचा टप्पा नीट पायाकडे येत नाही. उतार दिला की चेंडू आपसूक खेळणाऱ्याच्या बाजूला उसळतो. सगळी करामत त्या उतारात आहे, म्हणून बनवून घेताना त्यात कसर करू नका.

गोव्यातल्या आमच्या मांद्रेच्या मंडळाने विकतचं न घेता ३ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद असं टेबल इथेच करून घेतलं. पत्रा की प्लाय यावर बरीच वादावादी झाली. शेवटी शापोरा नदीच्या बाजूला होड्यांचं फायबरकाम करणाऱ्या कारागिराला गाठलं. त्याने साचा करून काचतंतूंची मॅट आणि रेझिनचे थर चढवले, वरून जेलकोट, म्हणजे गुळगुळीत वरचा थर, दिला. होडीला गोलाई देणारा हात तो, त्याला हा बाक अवघड गेला नाही. खालचा लोखंडी सांगाडा मात्र एका फॅब्रिकेटरकडून घेतला.

आता वापराचं सांगतो. वरचं फायबर अजून नव्यासारखं आहे. ऊन, दमट हवा, बुटांचे ओरखडे, काही फरक नाही. सुरुवातीला जाळीपासून हातभर अंतरावर एका जागी चेंडू मरायचा. बोटाने ठोकलं तर तिथेच पोकळ आवाज यायचा. खालच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर जास्त झालं होतं. कारागिराने मध्ये आणखी एक पट्टी फायबरनेच चिकटवून दिली आणि टप्पा सगळीकडे सारखा झाला. सांगाड्याने मात्र निराशा केली. वेल्डिंगचे सांधे न घासताच वर रंग मारला होता. खाऱ्या हवेत जूनमध्येच पोपडे सुटले आणि गंज ओघळून फरशीवर डाग पडले. किनाऱ्याजवळ राहत असाल तर गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपचाच आग्रह धरा. जाळी कापडाची नको, जाड अ‍ॅक्रिलिकची हवी.

फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ, पण पावसात मैदानाचा चिखल होतो आणि अकरा जणांत जागा न मिळालेली पोरं कडेला उभी राहतात. हे टेबल सभागृहात मावतं. नियम असे: चेंडू पलीकडे टाकेपर्यंत जास्तीत जास्त तीन स्पर्श, लागोपाठ दोनदा त्याच अवयवाने नाही, हात चालत नाही, १२ गुणांचा सेट. टेबलाला किंवा समोरच्याला अंग लागलं की गुण गेला. धक्काबुक्कीच नाही, त्यामुळे गुडघे दुखणारे आमचे जुने गोलरक्षक काका आणि सातवीतली मुलगी एका जोडीत खेळतात. ती चेंडू मांडीवर झेलते, काकांच्या छातीवर देते, आणि काका डोक्याने पलीकडे टाकतात. मैदानात एकाच पायावर भिस्त ठेवणाऱ्यांना इथे दुसरा पाय, मांडी, खांदा, सगळं वापरावंच लागतं. आमच्या पोरांचा चेंडूवरचा पहिला स्पर्श या पावसाळ्यात जितका सुधारला, तितका मी आधी कधी पाहिला नव्हता.

एकच टेबल असल्यामुळे संध्याकाळी फार ताटकळावं लागतं. दुसऱ्या टेबलाचा फायबरचा भाग त्याच कारागिराकडे सांगून ठेवलाय. सांगाड्यासाठी नवा माणूस शोधतोय. पेडणे तालुक्यात कोणी चांगला माहीत असेल तर जरूर कळवा.