सीएमएस की बेल-२? पीएचडीसाठी प्रयोग निवडताना

एम.एस्सी. करून कणभौतिकीकडे वळू पाहणाऱ्यांची मुंबईत मोठी सोय आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) एकाच आवारात जगातल्या दोन बड्या त्वरक-प्रयोगांचं, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन एकमेकांवर आदळवणाऱ्या प्रयोगांचं, काम चालतं. एक जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय संशोधन केंद्रातला सीएमएस आणि दुसरा जपानमधल्या त्सुकुबाचा बेल-२. पुण्याची आयसर संस्था सीएमएसमध्ये आहे, तर हैदराबादची आयआयटी बेल-२ मध्ये. दोन्हीकडचे प्रश्न विश्वाच्या मुळाशी जाणारे आहेत, पण ते विचारण्याची रीत फार वेगळी आहे. आयुष्यातली पाच-सहा वर्षं त्यात घालायची असतील तर हा फरक आधी नीट कळलेला बरा. माझा कल कुठे आहे हे मी लपवणार नाही.

सीएमएस ज्या यंत्रावर बसला आहे त्या एलएचसीचा परिघ २७ किलोमीटर. जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर, उणे २७१ अंशांपर्यंत थंड केलेल्या चुंबकांमधून प्रोटॉन धावतात आणि १३.६ टीईव्ही ऊर्जेने एकमेकांवर आदळतात (टीईव्ही आणि जीईव्ही ही कणांच्या ऊर्जेची एककं; १ टीईव्ही म्हणजे १,००० जीईव्ही). बेल-२ चं यंत्र, सुपरकेईकेबी, अवघं ३ किलोमीटरचं. तिथे ७ जीईव्हीचे इलेक्ट्रॉन आणि ४ जीईव्हीचे पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे प्रतिकण, म्हणजे उलट विद्युतभाराचे जुळे) भिडतात आणि टकरीत कामी येणारी ऊर्जा १०.५८ जीईव्ही. म्हणजे एलएचसीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्यावरच निर्णय घेणारे विद्यार्थी बरेच असतात, आणि मला वाटतं तिथेच त्यांची गफलत होते.

प्रोटॉन हे क्वार्क आणि ग्लुऑन या मूलकणांनी भरलेलं गाठोडं आहे. टक्कर दोन प्रोटॉनांची म्हणायची, पण भिडतात ते आतले दोन कण, आणि त्यांनी गाठोड्यातली किती ऊर्जा सोबत आणली हे टकरीगणिक वेगळं असतं. त्यात प्रोटॉनांचे घोळके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांतून जातात आणि दर वेळी पन्नासेक टकरी एकदम होतात. सगळं साठवणं अशक्य, म्हणून ट्रिगर नावाची यंत्रणा क्षणार्धात निवाडा करते आणि सेकंदाला काही हजार नोंदी तेवढ्या ठेवते. गेलेलं परत मिळत नाही. त्यामुळे काय ठेवायचं हे ठरवणं हेच सीएमएसमधलं निम्मं शास्त्र आहे.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांना आपल्या माहितीप्रमाणे अंतरंगच नाही. ते भेटतात आणि पुरते नाहीसे होतात, त्यामुळे आत किती ऊर्जा गेली याचा पै-पैचा हिशेब हाती असतो. १०.५८ हा आकडाही मुद्दाम निवडलेला आहे. या ऊर्जेला बी-मेसॉन (बॉटम क्वार्क असलेला अल्पायुषी कण) आणि त्याचा प्रतिकण यांची जोडी जेमतेम तयार होते, सोबत आणखी काही निर्माण व्हायला ऊर्जा उरतच नाही. जोडीतल्या एकाचे सगळे तुकडे जुळवले की बाकी राहिलं ते दुसऱ्याचं. न्यूट्रिनो हा जवळजवळ पकडताच न येणारा कण निसटला तरी ताळा करताना तूट दिसते. याच बळावर बेल-२ ने २०२३ मध्ये बी-मेसॉनपासून एक केऑन (बी-मेसॉनहून हलका कण) आणि दोन न्यूट्रिनो बनण्याच्या दुर्मीळ विघटनाचा पहिला पुरावा मांडला. त्याचं प्रमाण प्रमाणित प्रतिकृतीच्या, म्हणजे कणांच्या आजच्या मान्य सिद्धांताच्या, भाकितापेक्षा २.७ सिग्माने जास्त भरलं (सिग्मा हे मोजमापातल्या अनिश्चिततेचं माप; शोध म्हणायला ५ लागतात). हा शोध नव्हे, पण एलएचसीच्या गर्दीत हे मोजमाप जवळजवळ अशक्यच.

आता ७ आणि ४ असे असमान आकडे का, ते बघा. मला हा भाग फार आवडतो. बी-मेसॉन जगतो दीड पिकोसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा लाखकोटीवा भाग आणि वर निम्मा. एवढा काळ घड्याळाने मोजायचा कसा? एका बाजूची ऊर्जा जास्त ठेवली की तयार झालेली जोडी पुढे ढकलली जाते आणि मरण्याआधी मिलिमीटरचा दहावा हिस्सा कापते. काळ मोजायचा तो या अंतरावरून. त्यासाठी टकरीच्या जागेभोवती सिलिकॉनचे थर लावले आहेत, आणि त्यातला आतून चौथा थर टीआयएफआरच्या गटाने बांधला. सीएमएसमध्येही याच संस्थेने हॅड्रॉन कॅलोरिमीटर या ऊर्जामापकाचा बाहेरचा भाग केला आहे, त्यामुळे हात काळे करायची संधी दोन्हीकडे आहे.

यातून विश्वाबद्दल काय कळेल? ४ जुलै २०१२ ला सीएमएस आणि एलएचसीवरचाच दुसरा प्रयोग अॅटलास यांनी हिग्ज, म्हणजे मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण, सापडल्याचं जाहीर केलं. हिग्ज स्वतःशीच किती जोराने जुळतो, हा पुढचा प्रश्न. बाल्यावस्थेतलं विश्व थंड होताना कणांना वस्तुमान कसं मिळालं याचा धागा त्यात आहे. उत्तरासाठी हिग्जच्या जोड्या लागतात आणि त्या फार विरळा. कृष्णद्रव्याचे (विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याचे) जड कण असतील, तर तेही अशाच ऊर्जेला तयार होऊ शकतात. बेल-२ चा प्रश्न असा: द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच जन्मलं, तर आज उरलंय ते द्रव्यच का? कोबायाशी आणि मास्कावा यांनी १९७३ मध्ये द्रव्य-प्रतिद्रव्यात फरक पाडणारी एक यंत्रणा सुचवली; ती बेल-२ च्या आधीच्या बेल प्रयोगाने आणि अमेरिकेतल्या बाबार प्रयोगाने पडताळली, आणि २००८ मध्ये कोबायाशी-मास्कावांना नोबेलही मिळालं. पण तिच्यातून येणारा फरक आपल्या अस्तित्वाला अजिबात पुरत नाही. आणखी काहीतरी आहे.

कमी ऊर्जेला जड कण सापडणार कसा, या शंकेवर इतिहासात चोख उत्तर आहे. १९८७ मध्ये हॅम्बुर्गच्या आर्गस प्रयोगात बी-मेसॉन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आपल्या प्रतिकणात बदलताना दिसले. यंत्र याच दहाएक जीईव्हीचं. अर्थ एकच निघत होता, की या बदलात पडद्याआडून भाग घेणारा, तेव्हा न सापडलेला टॉप क्वार्क फार जड असला पाहिजे. १९९५ मध्ये तो अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये मिळाला; त्याचं आजचं मोजलेलं वजन आहे सुमारे १७३ जीईव्ही (कणाचं वजनही ऊर्जेच्याच एककात सांगतात).

दोन्हीकडे निराशाही आहेच. २०१५ च्या डिसेंबरात सीएमएस आणि अॅटलास दोघांना ७५० जीईव्हीपाशी आलेखात उंचवटा, म्हणजे नव्या कणाची संभाव्य खूण, दिसला, शेकडो सैद्धांतिक निबंध लिहिले गेले, आणि २०१६ च्या ऑगस्टपर्यंत तो विरून गेला. बेल-२ चं दुखणं वेगळं आहे. कणांची किरणशलाका अचानक नष्ट होण्याच्या प्रकारांनी यंत्राला सतवलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने तीव्रतेचा (टकरी किती दाट होतात याचा) जागतिक उच्चांक केला, तरी तो मूळ लक्ष्याच्या दहाव्या हिश्शाहून कमीच.

वेळापत्रकही निर्णयाचा भाग आहे. एलएचसीच्या नियोजनात २०२६ च्या मध्यापासून मोठी विश्रांती आहे आणि वाढीव तीव्रतेचं यंत्र २०३० च्या सुमारास सुरू व्हायचं आहे. आज सीएमएसमध्ये शिरणाऱ्याला साठलेली भरपूर विदा (डेटा) आणि नवा डिटेक्टर बांधायचं काम मिळेल, पण प्रबंध बहुधा नव्या टकरींवर नव्हे, आधीच साठलेल्या विदेवर लिहावा लागेल. बेल-२ मध्ये शिफ्टवर बसून यंत्र चालताना पाहता येईल, आणि ते कधी रुसेल याची खात्री नाही.

सीएमएसच्या निबंधावर दोन हजारांहून जास्त नावं असतात, बेल-२ च्या निबंधावर काहीशे. मशिन लर्निंग, वेगवान इलेक्ट्रॉनिक्स, प्रचंड विदा यांत रमणाऱ्याने बेलाशक सीएमएसला जावं. पुढे उद्योगात जायचं असेल तरी ती शिदोरी उपयोगी पडते. पण एक मोजमाप पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करायची ओढ असेल, तर मी बेल-२ सुचवेन. तिथला विद्यार्थी आपल्या विघटनाची प्रत्येक चूक-शक्यता स्वतः मोजतो.

आणि कुलाब्याला भेटायला जाल तेव्हा मार्गदर्शकाआधी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. गेल्या महिन्यात नेमकं काय केलं, तेवढंच विचारा.